हप्ते फिटेपर्यंत गाडीला भोक पाडू नका

आम्ही नोकरीने कारकून. त्यामुळे वस्तीतील माणसे अर्ज लिहून घ्यायला, आलेली नोटीस वाचून घ्यायला संध्याकाळी आमच्याकडे येतात. गेल्या उन्हाळ्यात हिंगोली जिल्ह्यातील पुसेगावचे एक भाऊ असेच आले. त्यांची काळी-पिवळी जीप पुसेगाव ते हिंगोली चालते. परवाना आहे, विमा आहे, पण गाडी फायनान्सवर घेतलेली. महिना ११,६०० रुपयांप्रमाणे २१ हप्ते अजून बाकी होते.

मुलगी आणि पुतणी दहावी पास झाल्या. दोघींचा अकरावीचा प्रवेश हिंगोलीत झाला. हिंगोलीपर्यंत बापाची जीप होतीच. पण स्टँडपासून कॉलेज आणि तिथून क्लास हे अंतर रोज पायी तुडवायचे म्हणजे पोरी थकणार, अंधारात परतणार. आठवीत सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या दोघींच्या सायकली घरी होत्या. त्या जीपच्या मागे लटकवून न्यायच्या, असा भाऊंचा बेत.

"वेल्डिंगवाला साडेतीन हजार म्हणतो, साहेब. चेसीला दोन भोकं पाडून लोखंडी हूक बसवतो. त्यावर सायकलीचा स्टँड. पाहिजे तेव्हा काढा, पाहिजे तेव्हा लावा. काय बिघडतंय?"

आम्ही विचारले, "भाऊ, गाडी कोणाची?"

"माझीच की. माझ्या नावावर आहे."

बंधू-भगिनींनो, येथेच आपली माणसे फसतात. गाडी दारात उभी असते, हार घातलेला असतो, पेढे वाटलेले असतात. पण आरसी बुकात मालकाच्या नावाबरोबर कर्ज देणाऱ्या कंपनीचीही नोंद असते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५१ प्रमाणे ती होते. ही नोंद तीन प्रकारची असते. हायर पर्चेस म्हणजे भाडे-खरेदी, लीज म्हणजे भाडेपट्टा आणि हायपोथिकेशन म्हणजे गाडी तारण. लीजची गाडी तर मुदत संपल्यावर जशी होती तशी परत करायची असते. परदेशात नोकरदार माणसे मोटारी अशाच घेतात, आणि सायकली नेण्याचा हूक बसवण्याआधी त्यांनाही करारनामा उघडून पाहावा लागतो. प्रश्न तिथेही तोच आहे : परक्याच्या वस्तूला भोक कोणाच्या परवानगीने पाडायचे?

आपल्या कायद्याने याचे उत्तर दिले आहे. कलम ५२ च्या पाचव्या पोटकलमाप्रमाणे, भाडे-खरेदीवर गाडी बाळगणाऱ्याने नोंदणीकृत मालकाच्या लेखी संमतीशिवाय तीत फेरफार करायचा नाही. तारण गाडीच्या करारनाम्यातही बहुधा अशीच अट असते. भाऊंचा करारनामा आम्ही मागवला. चौदा पाने, सगळी इंग्रजीत. शेवटच्या पानावर भाऊंची सही. आत काय लिहिले आहे ते घरात कोणालाच ठाऊक नाही! आम्ही तो मुलीच्या हातात दिला. अडखळत, शब्दकोश उघडत तिने तो वाचून काढला. नवव्या पानावर अट सापडली. लेखी परवानगीशिवाय गाडीत बदल केल्यास कराराचा भंग समजला जाईल, आणि कंपनी सगळी बाकी एकदम मागू शकेल. २१ हप्त्यांची बाकी म्हणजे २,४३,६०० रुपये. साडेतीन हजारांच्या हुकापायी एवढी टांगती तलवार कशाला?

दुसरे दार आरटीओचे. गाडीची मूळ रचना बदलणारा फेरफार कायद्याला मान्य नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफारामागे मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठरली. गाडीपुढे बसवतात ते लोखंडी गार्डही कलम ५२ चा भंग आहेत, असे केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले होते. बोल्टने बसणारा प्रत्येक स्टँड यात मोडतोच असे नाही. पण ते वेल्डिंगवाल्याने ठरवायचे नसते. हिंगोलीच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात लेखी विचारावे. शिवाय लटकवलेल्या सायकलीने मागची नंबर प्लेट किंवा दिवा झाकला गेला, तर त्याचा दंड वेगळाच. माल मर्यादेबाहेर मागे आला तर कायद्यात २०,००० रुपये दंड लिहिला आहे.

तिसरे दार विम्याचे. न कळवता केलेला बदल अपघातानंतर सर्व्हेअरच्या नजरेत आला, तर भरपाईवर वाद उभा राहतो. गाडी मोडलेली, विमा अडलेला आणि हप्ता मात्र चालूच. अशी घरे आम्ही पाहिली आहेत.

आता वजनाचे पाहू. दोन देशी सायकली म्हणजे सुमारे ४० किलो. लोखंडी स्टँड २० किलो धरा. हे ६० किलो गाडीच्या पाठीमागे हातभर बाहेर लटकणार. जमिनीवर ६० किलो ते ६०च. पण खड्ड्यात चाक आदळले की तोच भार हिसक्यासरशी कितीतरी पटीने हुकावर येतो. चेसीला वाटेल तिथे पाडलेल्या भोकापासून चीर जायला वेळ लागत नाही. रस्त्यात सायकल निसटली तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा जीव जाईल. म्हणून हूक बसवायचाच असेल, तर गाडी बनवणाऱ्या कंपनीने त्या मॉडेलसाठी दिलेला, कंपनीच्याच भोकांत बसणारा घ्यावा, पुस्तिकेतील वजनाची मर्यादा पाहावी आणि पक्के बिल जपून ठेवावे. त्याआधी फायनान्स कंपनीची लेखी संमती घ्यावी, आरटीओला विचारावे, विमा कंपनीला कळवावे. तोंडी "चालतंय" याला कागदावर किंमत नाही.

भाऊ हिरमुसले. "मग पोरींनी काय करायचं?"

उत्तर पुतणीनेच दिले. "काका, सायकल न्यायची कशाला? तिथंच एक ठेवू की!" हिंगोलीत स्टँडजवळ भाऊंची आत्या राहते, तिच्या घराला अंगण आहे. हुकासाठी ठेवलेल्या साडेतीन हजारांतून तीन हजारांत दोन जुन्या सायकली आल्या. उरलेल्या पाचशेत नवे टायर आणि कुलपे. पोरी जीपमधून उतरतात, आत्याच्या अंगणातून सायकल काढतात आणि दिवे लागायच्या आत परत येतात.

शेवटचा हप्ता फिटला की काम संपले असे समजू नका. कंपनीकडून ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ सहीशिक्क्यासह घ्या आणि आरसी वरील बोजा उतरवून घ्या. तो उतरेपर्यंत गाडी पुरती आपली नव्हे. आणि पुढच्या वेळी कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी तो घरातल्या शिकलेल्या लेकीला वाचायला द्या. भाऊंच्या मुलीला नवव्या पानावरची अट सापडली, पण सही होऊन दोन वर्षे उलटून गेली होती.