जमीन आपली, तेल कोणाचे?

समजा, तुमच्या शेतात विंधन विहीर खोदताना पाण्याऐवजी खनिज तेल वर आले. ते तेल कोणाचे?

महाराष्ट्रात या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ नुसार जमिनीतील खनिजांवरचा हक्क सर्वसाधारणपणे राज्य शासनाचा असतो. सात-बाराच्या उताऱ्यावर नाव तुमचे असले तरी त्याने खालच्या तेलाचे मालक होता येत नाही. बाँबे हाय हे आपले मोठे तेलक्षेत्र १९७४ मध्ये सापडले ते तर समुद्रतळाखाली. तिथे शेतकऱ्याचा संबंधच नव्हता.

अमेरिकेतील टेक्सास राज्यात मात्र उत्तर वेगळे मिळते. स्पॅनिश राजवटीत तेथील खनिजे राजाची मानली जात. पुढे टेक्सासच्या १८६६ च्या राज्यघटनेने तोपर्यंत खाजगी झालेल्या जमिनींतील खनिजांवरचा राज्याचा हक्क सोडून दिला आणि तो जमीनमालकांना मिळाला. हा हक्क जमिनीपासून वेगळाही करता येतो. आजोबांनी शेत विकले, पण खनिजे राखून ठेवली, असे तिथे सर्रास घडते. मग नांगरणारा एक आणि खालच्या तेलाचा मालक दुसराच. वाटण्या होत होत या हक्काचेही आपल्या शेतांसारखे तुकडे पडतात.

म्हणजे टेक्सासमधल्या मालकाने आपला दस्तऐवज तपासला आणि तेल आपले आहे अशी खात्री करून घेतली की काम संपले का? नाही. खरा पेच इथूनच सुरू होतो, आणि तो कायद्याचा असण्याआधी भौतिकशास्त्राचा आहे.

वाळूची परात

वर्गात एक साधा प्रयोग करून पाहा. पसरट परातीत जाड, धुतलेली वाळू भरा. वाळू पुरती भिजून पृष्ठभागाच्या जरा खालपर्यंत येईल इतके पाणी ओता. परातीच्या मधोमध वाळूवर एक दोरा आडवा ठेवा. हा झाला दोन शेतांमधला बांध. आता एका बाजूला लहानसा खड्डा करा आणि त्यात साचणारे पाणी ड्रॉपरने काढत राहा. बांधाच्या पलीकडे, वाळूत थोडा शाईचा थेंब टाका. पाणी उपसत राहिलात तर शाई दोऱ्याखालून खड्ड्याकडे सरकताना दिसेल.

जमिनीखाली तेलाचे तळे नसते. वालुकाश्मासारख्या खडकाच्या कणांमधील बारीक छिद्रांत तेल, वायू आणि खारे पाणी दाबाखाली अडकलेले असते. छिद्रांनी व्यापलेला भाग म्हणजे खडकाची सच्छिद्रता. ती छिद्रे एकमेकांना किती चांगली जोडलेली आहेत, यावर त्याची पार्यता ठरते. विहीर खोदली की तिच्या तळाशी दाब कमी होतो आणि सभोवतालचे तेल जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वाहू लागते. बांध कुठे आहे हे तेलाला ठाऊक नसते.

शेजाऱ्याने आपल्या हद्दीत सरळ खाली विहीर खोदली आणि तिच्यातून तुमच्या जमिनीखालचे तेल आले, तर ती चोरी होईल का? पेन्सिल्वेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८९ मध्ये नैसर्गिक वायूविषयीच्या एका खटल्यात तेल आणि वायूची तुलना रानातल्या प्राण्यांशी केली. ससा तुमच्या शेतात आहे तोवर तुमचा. शेजारच्या शेतात पळाला आणि तिथे पकडला गेला तर शेजाऱ्याचा. यालाच पकडीचा नियम म्हणतात. मग तुमच्या हाती उपाय एकच उरतो. तुम्हीही विहीर खोदा आणि शेजाऱ्याच्या आधी तेल काढा.

घाईची किंमत

सगळे मालक हा उपाय करू लागले तर काय होते, हे पूर्व टेक्सासमध्ये दिसले. ऑक्टोबर १९३० मध्ये तिथे प्रचंड तेलक्षेत्र सापडले. त्यावर लहानमोठ्या जमिनींचे असंख्य मालक होते. आपण थांबलो तर शेजारी उपसणार, या धास्तीने जो तो खोदू लागला. किलगोर गावात जेमतेम एकरभर जागेत २४ विहिरी उभ्या राहिल्या. पिंपाला डॉलरच्या आसपास असलेला भाव १९३१ मध्ये पंधरा सेंट आणि काही ठिकाणी त्याहूनही खाली गेला. ऑगस्ट १९३१ मध्ये गव्हर्नरने लष्करी कायदा पुकारून विहिरी बंद ठेवायला सैनिक पाठवले.

भाव पडणे हे वरून दिसणारे नुकसान झाले. खालचे नुकसान अधिक खोल होते. या क्षेत्रात तेलाला ढकलण्याचे काम खालचे दाबाखालचे पाणी करते. तेल बेताने काढले तर पाणी मागून सारखे सरकत येते आणि छिद्रांतले तेल पुढे लोटते. घाईने उपसले तर पाणी वाट मिळेल तिथून विहिरीत घुसते आणि बाजूचे तेल मागेच राहते. शिवाय दाब फार घसरला तर तेलात विरघळलेला वायू, सोड्याची बाटली उघडल्यावर निघतो तसा, बाहेर पडतो. वायू गेलेले तेल घट्ट होते आणि खडकातून सरकेनासे होते. म्हणजे प्रत्येकाने आपला वाटा वाचवण्यासाठी धाव घेतली आणि सर्वांचा मिळून साठा कमी केला.

टेक्सासमध्ये दोन विहिरींत किती अंतर हवे याचे नियम १९१९ पासून होते, पण त्यांना सवलती फार मिळत. १९३० च्या दशकात प्रत्येक विहिरीने किती तेल काढावे यावरही मर्यादा आली. १९४२ मध्ये तेलाबरोबर वर येणारे खारे पाणी पुन्हा त्याच खडकात सोडण्यासाठी स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. दाब टिकला, आणि या क्षेत्रातून आजवर ५०० कोटींहून अधिक पिंपे तेल निघाले आहे. एक पिंप म्हणजे सुमारे १५९ लिटर.

करार वाचताना

तेलविहिरीचा खर्च एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातला नसतो. म्हणून मालक आपला खनिज-हक्क कंपनीला पट्ट्याने देतो. सही करताना एकरी ठराविक रक्कम मिळते, तिला बोनस म्हणतात. तेल निघाले तर त्याचा ठरलेला हिस्सा मिळतो, ते स्वामित्वधन. पूर्वी हा हिस्सा बहुधा एक-अष्टमांश असे. आता एक-पंचमांश किंवा एक-चतुर्थांशही मिळतो. पण या दोन आकड्यांवरच नजर ठेवणारा मालक फसण्याचा संभव असतो. कराराची बाकीची कलमे वर पाहिलेल्या भौतिकशास्त्राशी जोडून वाचावी लागतात.

पहिले कलम मुदतीचे. पट्टा साधारणपणे तीन ते पाच वर्षांचा असतो, पण 'आणि त्यानंतर तेल किंवा वायू निघत आहे तोपर्यंत' असे शब्द त्यात असतात. त्यामुळे जमिनीच्या एका कोपऱ्यातली रोज दोन-चार पिंपे देणारी विहीर साऱ्या जमिनीचा पट्टा वर्षानुवर्षे अडवून ठेवू शकते. पश्चिम टेक्सासच्या पर्मियन खोऱ्यात तर तेल देणारे अनेक थर एकावर एक आहेत. जाणकार मालक म्हणूनच अशी अट घालतो की, मुदत संपल्यावर विहिरीच्या क्षेत्राबाहेरची जमीन आणि विहीर पोहोचली त्या खोलीखालचे थर मोकळे व्हावेत.

दुसरे कलम सीमेवरच्या विहिरीचे. शेजारच्या विहिरीमुळे आपले तेल ओढले जात असेल, तर कंपनीने आपल्या बाजूलाही विहीर घ्यावी किंवा भरपाई द्यावी, असे त्यात असते. पकडीच्या नियमाला दिलेले हे उत्तर आहे.

तिसरे, एकत्रीकरणाचे कलम. शेल खडकाची पार्यता इतकी कमी असते की तेल आपणहून फारसे सरकत नाही. तिथे विहीर खाली नेऊन आडवी वळवतात, दोन-तीन किलोमीटर पुढे नेतात आणि पाण्याच्या दाबाने खडकाला भेगा पाडतात. अशी विहीर अनेकांच्या जमिनींखालून जाते, म्हणून सर्वांच्या जमिनी एका गटात धरून उत्पन्न वाटतात. भेग सीमेपलीकडे गेली तर काय, हा प्रश्न २००८ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. अशा भेगेतून आलेल्या वायूलाही पकडीचा नियम लागू होतो, असा निकाल लागला. गटाबाहेर राहिलेल्या मालकाने हे ध्यानात ठेवायला हवे.

हिशेब करून पाहू

गट ६४० एकरांचा आहे. तुमची जमीन ४० एकर, पण खनिजांचा निम्माच हक्क तुमच्याकडे. म्हणजे हिशेबाला २० एकर. स्वामित्वधन एक-पंचमांश. तुमचा वाटा:

२० ÷ ६४० × १/५ = ०.००६२५

विहीर महिन्याला १०,००० पिंपे देते आणि भाव पिंपाला ७० डॉलर आहे असे धरू. एकूण किंमत ७,००,००० डॉलर, तुमचा वाटा ४,३७५ डॉलर. त्यातून राज्याचा तेलावरचा ४.६ टक्के कर वजा जाता सुमारे ४,१७४ डॉलर हाती येतील. वाहतूक आणि शुद्धीकरणाचा खर्च कंपनी तुमच्या वाट्यातून कापणार की नाही, हेही करारातच ठरते.

दरमहा चार हजार डॉलर येतात म्हणून मालकाने त्या भरवशावर कर्ज काढले तर? विहिरीजवळच्या भेगांतले तेल आधी भराभर येते, मग दूरचे तेल कमी होत जाणाऱ्या दाबाने सावकाश येते. त्यामुळे शेलमधील विहिरीचे उत्पादन पहिल्याच वर्षात कोसळते. ते महिना ३,००० पिंपांवर आले तर तोच वाटा, कर कापण्याआधी, १,३१२ डॉलरवर येतो. विद्यार्थ्यांना हा आलेख काढायला सांगावा. सरळ रेषा आणि घसरता वक्र यांतला फरक इथे संसाराच्या भाषेत कळतो.

वरच्या शेतीचे काय? तेल काढण्यासाठी लागेल तेवढी जमीन वापरण्याचा हक्क तिथे खनिजमालकाला, म्हणजेच पट्टा घेणाऱ्या कंपनीला असतो. एका शेतकऱ्याच्या शेतात सात फूट उंचीपर्यंतचे अडथळे ओलांडणारी फिरती तुषार-यंत्रणा होती. कंपनीचे पंप त्याहून उंच असल्याने यंत्रणा अडू लागली. १९७१ मध्ये न्यायालयाने तत्त्व घालून दिले की, शेतीचा आधीपासूनचा वापर अडत असेल आणि कंपनीपुढे दुसरा वाजवी मार्ग असेल, तर तिने तो घ्यावा. तरीही रस्ते, सांडपाणी आणि संपलेली विहीर सिमेंटने बंद करण्याची जबाबदारी करारात लिहून घेणे शहाणपणाचे. नीट न बुजवलेल्या विहिरीतून खारे पाणी वर चढून पिण्याच्या पाण्याच्या थरात शिरू शकते.

आपल्या बांधाखाली

आपल्याकडे शेतकऱ्याला तेलाचा पट्टा करायचा नाही, मग हे सारे कशासाठी? पकडीचा नियम आपल्या शिवारातही आहे, म्हणून. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यानुसार, निश्चित प्रवाहात न वाहणारे जमिनीखालचे पाणी आपल्या हद्दीत काढून घेण्याचा हक्क जमीनमालकाला आहे. शेजाऱ्याने पाचशे फुटांवर पाणी लावले की आपण सातशे फुटांवर जातो, आणि दोघांच्या जुन्या विहिरी कोरड्या पडतात. किलगोरच्या त्या एका एकरात हेच घडत होते.

फरक एवढाच की, तेल पुन्हा भरत नाही. पाणी पावसाने भरते, पण आपल्या काळ्या बेसाल्ट खडकात ते साठायला जागा थोडी. महाराष्ट्राने २००९ मध्ये भूजलासाठी कायदा केला. पूर्व टेक्सासमध्ये मात्र कायदा उपयोगी पडला तो विहिरींतले अंतर आणि प्रत्येकाचा उपसा खरोखर मोजला जाऊ लागल्यावर. परातीचा प्रयोग झाल्यावर विद्यार्थ्यांना आपल्या गावातील विहिरींची खोली आणि मे महिन्यातली पाण्याची पातळी नकाशावर मांडायला सांगा. दोन-तीन वर्षांच्या नोंदी जमल्या की कोणाच्या उपशाने कोणाची विहीर आटते याचा अंदाज त्यांना स्वतःच बांधता येईल.