विकी आणि वाचन-लेखन कौशल्यांचे अध्यापन

वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिले विकी संकेतस्थळ सुरू केले. हवाईयन भाषेत ‘विकी’ म्हणजे जलद. भाषाशिक्षणात मात्र या साधनाचे मोल वेगात नसून त्याच्या ‘इतिहास’ या पानात आहे. उत्तरपत्रिकेत शिक्षकाला केवळ अंतिम मजकूर दिसतो. विकीवर प्रत्येक आवृत्ती जतन होते आणि दोन आवृत्त्यांतील फरक शेजारी-शेजारी वाचता येतो. त्यामुळे लेखनप्रक्रियाच अध्यापनाचा विषय होऊ शकते.

मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला. तेथे आपल्या गावाविषयीचा लेख विस्तारताना विद्यार्थ्याला मूळ लेख चिकित्सकपणे वाचावा लागतो : विधानास संदर्भ आहे काय, स्तुतीच अधिक झाली आहे काय? पुस्तकातून जसाच्या तसा उतरवलेला परिच्छेद प्रताधिकारभंग ठरून काढला जाऊ शकतो. स्वतःचे वाक्य दुसऱ्याने खोडल्यास चर्चापानावर कारणे मागावी व द्यावी लागतात. नवोदितास हे बोचते. म्हणून आरंभीचा सराव ‘धूळपाटी’वर करून घेणे इष्ट. मूल्यमापनात संपादनांची संख्या मोजणे मात्र फसवे आहे. स्वल्पविराम बदलला तरी तेही एक संपादनच असते.