नागपूरचे अकाली ऊन : समज आणि वस्तुस्थिती

विदर्भ मुळातच कोरडा असल्यामुळे नागपूर तापते, हा समज पर्जन्यमानाच्या आकड्यांपुढे टिकत नाही, कारण तेथे वर्षाकाठी सरासरी १,००० मिलिमीटरहून अधिक, म्हणजे पुण्यापेक्षा बराच जास्त पाऊस पडतो. खरे कारण ऋतुचक्रात आहे: पावसाळ्यात मुरलेला ओलावा हिवाळा सरता सरता आटतो आणि जी सौर ऊर्जा एरवी बाष्पीभवनात खर्ची पडली असती, ती थेट जमीन व हवा तापवू लागते. शिवाय समुद्र शेकडो किलोमीटर दूर असल्याने दुपारच्या खाऱ्या वाऱ्यांचा दिलासा येथे पोहोचत नाही, वायव्येकडील उष्ण व शुष्क वारे मात्र पोहोचतात.

पारा चढला की उष्णतेची लाट आली, हा समज अधिक खोल रुजलेला आहे. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या निकषानुसार मैदानी प्रदेशात कमाल तापमान निदान ४० अंश सेल्सिअस आणि त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी अधिक असावे लागते, अथवा ते ४५ अंशांवर जावे लागते. किनारपट्टीवर मात्र तेवढ्याच वाढीसह ३७ अंशही पुरतात. म्हणूनच फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईत पारा ३८ अंशांपुढे गेला, तेव्हा लाटेचा इशारा दिला गेला, पण त्याच महिन्यात नागपुरात तितकेच तापमान असते, तर ते या व्याख्येत बसले नसते. यावरून नागपूरचे अकाली ऊन निरुपद्रवी ठरवणे घातक आहे, कारण याच सुमारास संत्र्याचा आंबिया बहार फुलोऱ्यात वा कोवळ्या फळांवर असतो आणि अवेळी ताप वाढल्यास फळगळ होते. व्याख्येबाहेरचे हे नुकसान बागायतदाराला चुकत नाही.

दिसेल तो आकडा खरा मानण्याची घाईही टाळायला हवी. मे २०२४ अखेर नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने दाखवलेले ५६ अंश हा संवेदकाचा दोष असल्याचे हवामान विभागाने स्पष्ट केले. अधिकृत तापमान उघड्या जागी, जमिनीपासून सुमारे सव्वा ते दोन मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत म्हणजे सावलीत मोजतात. डांबरी रस्त्यावरील वाहनातला आकडा त्याच्याशी तुलना करण्याजोगा नसतो.

एका तापलेल्या वसंतावरून हवामानबदल सिद्ध होत नाही आणि एका गार आठवड्याने तो खोटाही ठरत नाही, कारण हवामान म्हणजे साधारणतः ३० वर्षांची सरासरी होय. देशाच्या सरासरी कमाल तापमानाचा विचार करता फेब्रुवारी २०२३ हा १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला, आणि लगेच मार्चमध्ये महाराष्ट्रात गारपिटीने उभी पिके झोडपली.