वळिवड्याची पोलिश माणसं

मी सफाळ्याचा. आमच्या या पट्ट्यात १९४५ साली कम्युनिस्ट नेत्या गोदावरी परुळेकर आणि त्यांच्या लाल बावट्याने वारल्यांच्या वेठबिगारीला हात घातला, त्यामुळे रशियाविरुद्ध बोलायला माझी जीभ सहज वळत नाही. पण स्टालिनच्या युद्धकाळातल्या राजवटीचे साक्षीदार याच महाराष्ट्रात राहून गेले, कोल्हापूरजवळ वळिवड्याला.

१७ सप्टेंबर १९३९ला सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडमध्ये घुसल्या. पुढल्या फेब्रुवारीपासून रात्री-अपरात्री दार ठोठावायचं, हाताला लागेल ते सामान बांधायला लावायचं आणि अख्खं कुटुंब मालगाडीत कोंबून सैबेरियाकडे धाडायचं, असं सुरू झालं. गुन्हा? बाप माजी सैनिक किंवा वनरक्षक होता, एवढाच. तिथे लाकूडतोड, उपासमार, टायफस. १९४१मध्ये हिटलर रशियावर उलटला, तेव्हा कुठे स्टालिनने या लोकांना ‘माफी’ दिली. माफी कशाची, हे विचारायची सोय नव्हती!

सुटलेल्यांपैकी काही हजार इराणमार्गे भारतात आले. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. युद्ध संपलं, पण त्यांची गावं सोव्हिएत हद्दीत गेली होती, परतायचं कुठे? बरेच जण इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला गेले.

याच राजवटीत कॅटिन आणि इतर ठिकाणी १९४०मध्ये सुमारे २२,००० पोलिश कैदी स्टालिनच्या सहीने गोळ्या घालून मारले गेले. मॉस्कोने दोष नाझींवर ढकलला आणि स्वतःचा गुन्हा कबूल केला तो थेट १९९०मध्ये.