गोल बाटली, स्थिर पाते

पहिल्या महायुद्धाने चंदनाची परदेशची वाट रोखली तेव्हा म्हैसूर संस्थानाने १९१६ साली बेंगळुरात चंदनतेल गाळण्याचा सरकारी उद्योग आरंभला, हा मजकूर संपादकांनी दिलेल्या टिपणात अग्रभागी होता. परंतु ज्या सुगंधाची एवढी ख्याती त्याची कुपी नटते तरी कशी, या कुतूहलाने मी त्याच शहरातील पीण्या औद्योगिक वसाहतीत, बाटल्या रंगवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात शिरलो आणि टिपण खिशातच राहिले.

उपड्या बाटल्या गरगरत रंगाच्या फवाऱ्यासमोरून जातात व पुढे भट्टीत भाजून निघतात, हे दृश्य प्रेक्षणीय खरे. मला मात्र खिळवून ठेवले ते छपाईच्या यंत्राने. सपाट कागदावर जाळीतून छापताना रबराचे पाते फिरते व कागद निश्चल असतो. येथे पाते जागच्या जागी राहते, वरची जाळीची चौकट आडवी सरकते, आणि तिच्याच वेगाने खालची बाटली स्वतःभोवती फिरते. या दोन गतींत यत्किंचित तफावत पडली की अक्षर लांबते किंवा आखडते.

यंत्रावरचे गृहस्थ बेळगावकडचे. माझी मराठी ऐकून त्यांनी स्टूल पुढे सरकवले. नजर मात्र बाटलीवरून हलली नाही. बुडाशी असलेली बारीक खाच त्यांनी बोटाने दाखवली. दुसरा रंग नेमक्या जागी पडावा म्हणून प्रत्येक बाटली या खाचेवरच अडकवून धरतात.

काचेच्या भुकटीची शाई सुमारे सहाशे अंशांना वितळून काचेशीच एकजीव होते. पण झगझगीत रंगांची हौस असलेल्या गिऱ्हाइकाला सेंद्रिय शाई हवी असते, आणि ती नुसती पृष्ठभागावर बसते. तिथेच सारी तक्रार. वाहतुकीत बाटल्या एकमेकींवर घासून ओरखडू नयेत म्हणून काचकारखाना त्यांवर एक अदृश्य, मेणचट थर फवारतो, आणि रक्षणासाठी दिलेले ते कवच शाईलाही थारा देत नाही. म्हणून छपाईपूर्वी बाटली ज्योतीवरून फिरवावी लागते. ज्योत कमी पडली तर थर उरतो, अधिक झाली तर काच तडकते.

“साहेब, काच रुसत नाही, तिच्या अंगावरचं रुसतं,” असे म्हणत त्यांनी एका छापील बाटलीवर धारदार पात्याने चौकटी कोरल्या, चिकटपट्टी दाबली आणि झटक्यात ओढली. पट्टीवर सोनेरी अक्षराचा निम्मा भाग आला. त्यांनी ती बाटली बाजूच्या पेटीत टाकली, गॅसची चावी किंचित फिरवली आणि दुसरी उचलली.