ध्वनिफितींची पाठचिकित्सा : झाडीमंडळांतील मुद्रणांसंबंधीं कांहीं विचार

पोथ्या गोळा करणारास हें अनुभवानें ठाऊक असतें कीं, वाळवीपेक्षां शहाण्या लिपिकाराचें भय अधिक. वाळवीनें खाल्लेल्या जागीं भोंक दिसतें. लिपिकारानें 'सुधारलेल्या' जागीं कांहींच दिसत नाहीं. डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर यांनीं १९३३ सालीं महाभारताच्या आदिपर्वास जोडलेल्या प्रस्तावनेंत पाठनिश्चयाचीं जीं तत्त्वें मांडलीं, तीं वाचकांस परिचित आहेत. तींच तत्त्वें कागदाऐवजीं ध्वनिफितीस लावावयाचीं झाल्यास काय करावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत योजिला आहे.

या विचाराचें कारण स्थानिक आहे. चंद्रपूर व १९८२ सालीं त्यांतून वेगळा झालेला गडचिरोली, या दोन जिल्ह्यांत झाडीबोली, गोंडी व माडिया यांचें बहुतेक वाङ्मय मुखपरंपरेनें चालत आलें. दंडार, रोवणीचीं गाणीं, देवदेवतांच्या कथा यांच्या पोथ्या सहसा मिळत नाहींत; मिळालीच तर एखादी स्पूलची फीत किंवा कॅसेट मिळते. म्हणजे आमच्या भागांत फीत हीच पोथी होय. अशी फीत संगणकांत उतरवून 'स्वच्छ' करण्याची सोय आतां कोणासहि विनामूल्य उपलब्ध आहे, आणि भय येथेंच आहे.

साधनांचा परिचय थोडक्यांत देतों. ऑडॅसिटी हें २००० सालीं प्रथम प्रसिद्ध झालेलें सॉफ्टवेअर ध्वनि उतरवून घेणें, कापणें, जोडणें व गाळणें यांकरितां वापरतात. आम्स्टरडॅम विद्यापीठांतील बूर्स्मा व वेनिंक यांनीं रचलेलें 'प्रात' हें उच्चारांच्या पृथक्करणाकरितां आहे. (प्रात म्हणजे डच भाषेंत 'बोल', आपल्या प्रातःकाळाशीं त्याचा संबंध नाहीं.) दोहोंतहि ध्वनीचा वर्णपट काढतां येतो. मिश्र ध्वनि निरनिराळ्या कंपनसंख्यांच्या साध्या नादांत फोडतां येतो, हें तत्त्व फूरिए या फ्रेंच गणितज्ञाच्या १८२२ सालच्या उष्णताविषयक ग्रंथांतून आलें. कूली व ट्यूकी यांनीं १९६५ सालीं प्रसिद्ध केलेल्या जलद रीतीमुळें तें संगणकास सुकर झालें. वर्णपटाच्या चित्रांत डावीकडून उजवीकडे काळ, खालून वर कंपनसंख्या, आणि रंगाच्या गडदपणांत ध्वनीचा जोर अशी योजना असते.

या चित्रावरून फितीचें कुलवृत्त काढतां येतें. विजेवर चालणाऱ्या यंत्राची बारीक गुणगुण मुद्रणांत शिरते. आपल्याकडील वीजप्रवाहाची कंपनसंख्या सेकंदास ५० असल्यानें ५० वर व तिच्या पटींत, म्हणजे १००, १५० येथें, आडव्या रेघा उमटतात. समजा, एका फितीच्या चित्रांत एक रेघ ४६ वर व दुसरी नेमकी ५० वर आहे. दुसरी आजच्या वाजविणाऱ्या यंत्राची. पहिली मूळ मुद्रणाच्या वेळची. एकाच पोथींतील दोन हात ओळखावेत तसें हें ओळखलें कीं, फीत सुमारें आठ टक्के मंद वाजत आहे व गायकाचा षड्ज जवळजवळ दीड अर्धस्वर उतरला आहे, असा निर्णय देतां येतो. मात्र हें प्रमाण फार सूक्ष्म मानूं नये. आपल्या वीजजाळ्याची कंपनसंख्या पूर्वी पुष्कळच ढळत असे. एक-दोन टक्क्यांच्या फरकावर अनुमान बांधणें म्हणजे एका वेलांटीवरून पोथीचा काळ ठरविणें होय. भामरागड किंवा एटापल्लीकडील रानांत सेलवर चालणाऱ्या यंत्रानें केलेल्या मुद्रणांत तर ही खूण नसतेच. तेथें निराळा प्रकार पाहावा : मुद्रण चालू असतां सेल उतरत जाऊन यंत्र मंदावलें असेल, तर ती फीत सम गतीनें वाजवितांना गाणें शेवटाकडे चढत व घाईनें जातें. तो चढ गायिकेचा समजूं नये.

दुसरी खूण चित्राच्या वरच्या टोकाची. मध्यम लहरींच्या रेडिओवरून उतरवून घेतलेल्या आवाजांत सुमारें ५,००० कंपनांच्या वर बहुधा खरखरीखेरीज कांहीं नसतें. एफ्. एम्. प्रक्षेपणाची मर्यादा १५,००० ची. साधारण प्रतीच्या एम्पीथ्री फाइलींत १६,००० च्या आसपास भिंतीसारखी सरळ कड दिसते. कोणी 'मूळ स्पूलवरून घेतली' म्हणून फाइल आणून दिली व तींत अशी भिंत आढळली, तर ती बहुधा मधल्या प्रतीची प्रत होय. सनदेचा कागद उजेडापुढें धरून जलचिन्ह पाहावें, तसाच हा प्रकार.

आतां मुख्य मुद्दा. खरखर काढण्याची क्रिया अशी चालते : जेथें कोणी बोलत नाहीं असा तुकडा सॉफ्टवेअरला दाखवावयाचा, तें त्यांतील प्रत्येक कंपनपट्ट्याची पातळी मोजतें, आणि संपूर्ण मुद्रणांत त्या पातळीच्या आसपास वा खालीं जें जें आढळेल तें तें दाबतें. यंत्रास अर्थ कळत नाहीं. दुर्बळ उच्चार व खरखर यांत त्याला भेद दिसत नाहीं. याचा परिणाम गोंडींत किती दूर जातो तें पाहा. या भाषेंत शब्दारंभींचा स कांहीं बोलींत तसाच राहिला, कांहींत त्याचा ह झाला, आणि कांहींत तोहि लोपला. मिठास सोवर, होवर, ओवर अशीं रूपें निरनिराळ्या बोलींत मिळतात. भद्रिराजु कृष्णमूर्ति यांनीं १९९८ सालीं याच विकारावर निबंध लिहून तो शब्दाशब्दानें कसा पसरत गेला तें दाखविलें आहे. म्हणजे एखाद्या गांवीं हा ह ऐकूं येतो कीं नाहीं, यावर बोलीची सीमा ठरावयाची. आणि हा ह म्हणजे नुसता श्वास. वर्णपटांत तो खरखरीसारखाच पसरट दिसतो. गाळणाऱ्यानें जोर थोडा वाढविला कीं 'होवर' म्हणणाऱ्या म्हातारीच्या तोंडीं 'ओवर' येईल, आणि पुढील अभ्यासकास भोंक दिसणार नाहीं. याला पाठभेद म्हणतां येत नाहीं. हा पाठनाश होय. झाडीबोलींतहि, ण च्या जागीं बोलणारानें खरोखर न म्हटला कीं काय, हें स्वराकडून व्यंजनाकडे जातांनाच्या सेकंदाच्या कांहीं शतांशांवरून कळतें. जोरदार गाळणींत तेंहि पुसट होतें.

प्रक्षेपणासाठीं करावयाच्या क्रिया वेगळ्या, आणि आपल्या जागीं योग्यच. श्रोत्यास स्वयंपाकघरांतहि नीट ऐकूं यावें म्हणून हळू आवाज उचलतात, मोठा दाबतात, व एकंदर पातळी ठराविक करतात. युरोपीय प्रक्षेपण संघानें २०१० सालीं ती उणें २३ (एलयूएफएस या मापानें) अशी नेमून दिली. नागपूरचें आकाशवाणी केंद्र १९४८ पासूनचें आहे, चंद्रपुरासहि केंद्र आहे. अशा ठिकाणीं द्यावयाचें गीत खुशाल सजवून द्यावें. परंतु ढोलाचा ठोका व गाणाराचा दबका आवाज यांतील मूळ अंतर अशा प्रतींत उरत नाहीं. ती श्रवणाची प्रत. संशोधनास ती आधारभूत धरूं नये.

तेव्हां प्रथम फीत जशी आहे तशी उतरवावी. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघाच्या शिफारशीप्रमाणें सेकंदास ९६,००० नमुने व २४ बिट हें मान ठेवावें. एकेरी मुद्रणाच्या एका तासास सुमारें एक गिगाबाइट जागा लागते, ती आज महाग नाहीं. खोकला, कोंबड्याचें आरवणें, शेजारच्यानें मध्येंच विचारलेला प्रश्न, सर्व राहूं द्यावें. गतीची दुरुस्ती व गाळणी दुसऱ्या प्रतीवर करावी. युरोपीय प्रक्षेपण संघानेंच १९९७ सालीं ठरविलेल्या ब्रॉडकास्ट वेव्ह या फाइलप्रकारांत ध्वनीबरोबर वर्णन, कर्ता, दिनांक व केलेल्या प्रक्रियांचा क्रम नोंदविण्यास जागा आहे. हीच आपली पुष्पिका. ती रिकामी ठेवूं नये. कोणत्या गांवीं, कोणी म्हटलें, कोणत्या यंत्रावर वाजविलें, गति किती बदलली, एवढें तरी तींत यावें.

राहिली ग्रंथसंख्या. बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ धरून लिपिकार पोथीच्या शेवटीं संख्या घालीत, म्हणजे गळती कळे. संगणकहि फाइलींतील सर्व आंकड्यांवरून एक लहानशी चिन्हमालिका काढून देतो. तिला चेकसम म्हणतात. फाइलींत एक बिट बदलला तरी ती बदलते. ती कागदावर लिहून फितीच्या डब्यांतच ठेवावी व दरसाल पुन्हा काढून ताडून पाहावी. ग्रंथसंख्येवरून किती गळलें याचा अंदाज येई. ही मालिका बदल झाला एवढेंच सांगते, कोठें झाला तें सांगत नाहीं. म्हणून तंतोतंत तशीच दुसरी प्रत दुसऱ्या गांवीं ठेवलेली असावी, आणि उतरवून झाली म्हणून मूळ फीत टाकून देऊं नये.