प्रशिक्षक आहे, पद नाही

अंधेरी-बोरिवली असो की घाटकोपर-मुलुंड, महाविद्यालयाच्या मंजूर पदांत ‘महिला बास्केटबॉल मुख्य प्रशिक्षक’ असे पद सहसा नसते. यूजीसीच्या नियमांत असतो तो शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालक. त्यासाठी पदव्युत्तर पदवी आणि सहसा नेट/सेट किंवा पीएच.डी. हवी, आणि कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळे खेळ त्या एकाच माणसाच्या गळ्यात. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा (एनआयएस) प्रशिक्षण डिप्लोमा तिथे एकटा पुरत नाही. त्यामुळे बास्केटबॉल शिकवणारी व्यक्ती बहुधा मानधनावर, हंगामापुरती. मुली पदवी घेऊन तीन-चार वर्षांत बाहेर पडणारच. मग संघाची घडी टिकवणार ती प्रशिक्षक, आणि तिचीच नेमणूक कच्ची, हा हिशेबच उलटा आहे.

अमेरिकेतल्या महाविद्यालयांत असे पद असते खरे, पण तिथे टीव्हीचा पैसा आहे, इथे कुठून आणायचा, असे कुणी विचारेल. पण पॅट समिट १९७४ मध्ये टेनेसी विद्यापीठात महिला बास्केटबॉलच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या तेव्हा त्यांचे वय होते २२ आणि पगार महिना २५० डॉलर. संघाचे गणवेश त्याच धूत, व्हॅनही त्याच चालवत. एनसीएए या तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेची महिलांची पहिली बास्केटबॉल स्पर्धा झाली १९८२ मध्ये. म्हणजे पद आधी, पैसा मागाहून. समिट २०१२ पर्यंत टेनेसीतच राहिल्या: १,०९८ विजय, ८ राष्ट्रीय विजेतेपदे. अशी माणसे विरळा, हे मान्य. मात्र त्यांचेही पहिले विजेतेपद आले १९८७ मध्ये, तेराव्या हंगामात. मानधनावर तोवर कोण थांबणार?